आईनं नेसायला शिकवलं तेव्हा काय काय शिकवलं?

(धाराशिव जिल्ह्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, कपड्यावर काय व्याख्यान द्यायचं? मी विषय निवडला तेव्हा घरातही हसले सगळे. पण एक विचारते. इथं बसलेल्या किती जणींना साडी नेसायला शाळेत शिकवलं? एकीलाही नाही. शिकवलं ते आईनं, नाहीतर आजीनं, मोठ्या जावेनं. म्हणजे ज्याचं पुस्तक नाही, परीक्षा नाही, असं हे शिक्षण पिढ्यान् पिढ्या चालू आहे. त्यात ठेवण्यासारखं काय आणि सोडण्यासारखं काय, एवढंच आज बघायचंय.

माझ्या आईचा पहिला धडा एका वाक्याचा होता. "फाटकं चालंल, पर मळकं न्हाई." आणि फाटलेलंही तसंच नेसायचं नाही, दंड घालायचा.

नव्या मुलींसाठी सांगते, दंड म्हणजे काय. नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं झिजत नाही. काष्टा मागं जातो, आपण उठतो-बसतो, तिथला भाग आधी विरतो. दोन्ही टोकं मात्र धड असतात. मग तो विरलेला पट्टा कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे. ही जोडशिवण म्हणजे दंड. शिवण सपाट पाहिजे, नाहीतर शेतात दिवसभर वाकून मांडीला काचते. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्या खडी फोडायला गेल्या, त्यांतल्या कितीतरी जणींच्या अंगावर दंडाची लुगडी होती. त्याची त्यांना लाज नव्हती. दंड नीट घातलेला नसेल तर लाज.

पुढं लुगड्याचं आयुष्य बघा. दंड घालूनही टिकेना, की त्याचं धडपं. धडप्यातून पोरीचा परकर, बाळाची कुंची, दुपटं. ते विरलं की वाकळ. जुनं सुती कापड मऊ होतं, घाम शोषतं, म्हणून वाकळ अंगाला ऊब देते आणि टोचत नाही. वाकळही फाटली की पोतेरं. एका लुगड्याची पंधरा-वीस वर्षं अशी जायची. आज आपण 'पुनर्वापर' हा शब्द शिकतो. आईकडं शब्द नव्हता, सुई-दोरा होता.

आता चांगल्या कपड्याकडं येऊ. आपल्या भागात चांगलं लुगडं म्हणजे इरकली. इलकल हे गाव आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, १९६० ला महाराष्ट्रात आलो. सीमा बदलल्या, पण इरकलीचा लाल पदर तुळजापूरच्या बाजारात येतच राहिला. हा पदर अंगाच्या कापडाला विणतानाच जोडतात. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा, आणि दोन्हींचे धागे एकमेकांत फास घालून अडकवायचे. आईला हे तंत्र माहीत नव्हतं, पण ती पदर बाजूला धरून आधी धुवायची. का? लाल रंग अंगावर उतरू नये म्हणून. वाळत घालायचं ते उलटं करून, सावलीत.

ठेवणीतली साडी वर्षातून एकदा ट्रंकेतून काढायची, घडी बदलायची. एकाच रेषेवर घडी राहिली की जर तिथंच तुटते. कडुलिंबाचा वाळलेला पाला कोपऱ्यात ठेवायचा. आणि नवी साडी आधी नणंदेला, जावेला घडी मोडायला द्यायची. लहानपणी मला राग यायचा. आपली साडी दुसरीनं का नेसायची? मोठेपणी कळलं. जिच्याकडं त्या वर्षी नवं आलं नाही, तिला एक दिवस नवं नेसायला मिळायचं, आणि मागावं लागायचं नाही.

कामाच्या कपड्याचा धडा वेगळा. शेतात आपल्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. शहरातली माणसं बघून हसतात. हसण्यासारखं काही नाही त्यात. उसाचं पातं कापतं, कुसळ टोचतं, ऊन भाजतं. शिवाय शर्टाला खिसा असतो, साडीला नसतो! (हशा) मी एवढीच भर घालते: फवारणीच्या दिवशीचा शर्ट घरातल्या कपड्यांत धुवू नका, वेगळा धुवा.

चुलीपुढचा धडा तर जिवाचा. "पदर खोच." सुती कापडही पेटतंच. पण नायलॉन, पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं, जखम खोल होते. स्वयंपाकाला जुनं सुतीच नेसायचं, हा आईचा हट्ट कंजूषपणाचा नव्हता.

आता थोडं अवघड बोलते. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' असं आपण सहज म्हणतो. पण हा नूर सगळ्यांना मिळू दिला जात होता का? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी मुद्दाम बोलले. तुमची लुगडं नेसण्याची पद्धत, तुमचे गळ्या-हातांतले जड दागिने हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती टाका, असा त्यांचा सांगण्याचा आशय होता. गुडघ्यापर्यंतचं लुगडं घोट्यापर्यंत आणायचं, एवढी साधी वाटणारी गोष्ट. पण ते कुणी नेसायचं हे गाव ठरवत होतं, म्हणून ते नेसणं हे बंड होतं. बायकांनी लगेच नेसणं बदललं. पुढं फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात, कसबे तडवळ्यालाही येऊन गेले. नीटनेटकं राहा, असं आपल्याकडच्या कितीतरी आया लेकींना सांगतात, त्यात हे बळ आहे. ती हौस नाही, तो हक्क आहे.

म्हणून आईचा प्रत्येक धडा जसाच्या तसा घ्यायचा का? नाही. दोन धडे मी माझ्या लेकीला दिले नाहीत.

पहिला, पाळीच्या कापडाचा. आईनं सांगितलं होतं, कुणाला दिसणार नाही असं वाळत घाल. म्हणजे इतर कपड्यांखाली, नाहीतर न्हाणीच्या अंधारात. ते ओलसर राहायचं, वास यायचा, खाज सुटायची. मी दोन वर्षं सोसलं, बोलले नाही, कारण बोलायचं नाही हाही धड्याचाच भाग. कापड वापरणं वाईट नाही. पण ते साबणानं धुवून कडक उन्हात पूर्ण वाळायला हवं. इरकली सावलीत आणि हे कापड उन्हात. आपण नेमकं ऊन ज्याला हवं त्यालाच दिलं नाही.

दुसरा, विधवेच्या कपड्याचा. नवरा गेला की हिरवा रंग नाही, काठ नाही, बांगडी नाही. आपल्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या तरुण बायका किती घरांत आहेत, तुम्हाला मी सांगायला नको. आधीच डोक्यावर कर्ज, त्यात अंगावरचा रंगही काढून घ्यायचा? ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना तसं आवाहन केलं. पण परिपत्रक साडी नेसवत नाही. ती घरातल्या बाईनंच नेसवावी लागते.

माझे वडील गेले, त्यानंतरच्या संक्रांतीला मी आईसाठी हिरव्या काठाची साडी आणली. ती म्हणाली, "लोक काय म्हंतेल?" मी म्हटलं, "तूच शिकवलंस ना, मळकं न्हाई नेसायचं. हे मळकंच आहे की, मनातलं." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग उठली, घडी मोडली आणि मला म्हणाली, "निऱ्या धर."

घरी गेल्यावर आपापल्या आईला विचारा, तिला काय शिकवलं होतं आणि त्यातलं तिला स्वतःला काय पटलं नव्हतं. दुसरा प्रश्न विसरू नका.