उजेडाचा खेळ आणि आपली गोष्ट

गणपतीत लोअर परळ, लालबागला माणसं रोषणाई आणि हलते देखावे बघायला गर्दी करतात. चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, गणेश गल्लीचं १९२८ चं. हे गिरणी कामगारांचं गिरणगाव.

याच विजेच्या दिव्यानं इथे माणसांचा घामही काढलाय. आधी अंधार पडला की गिरणी थांबायची. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि काम रात्रीपर्यंत लांबलं. कामगारांनी विरोध केला. पुढे १९११ च्या कायद्यानं पुरुषांचं काम बारा तासांवर आणलं.

गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या बायका होत्या. कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या होत्या. त्यांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. देखाव्यात यांनाही जागा हवी ना?

आपल्या गावात हे कमी खर्चात जमतं. पांढरं धोतर ताणून बांधा. मागे एकच एलईडी बल्ब ठेवा, कापडापासून लांब. पुठ्ठ्याच्या आकृत्या कापा. आकृती दिव्याजवळ नेली की सावली मोठी होते, कापडाजवळ आणली की लहान आणि ठळक. मुलांच्या हातात काठीला लावलेल्या आकृत्या द्या, खेळ रंगतो.

विषय दूर शोधू नका. विहीर खणताना कोण राबलं, दुष्काळात घर कुणी चालवलं, ते गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारा. जिच्यावर उजेड पडत नाही, तिची गोष्ट पोरांना कळत नाही.