ऊब एकाच खोलीत होती
लेखमाला : घरातला बदल – लेखांक ११

डिसेंबर १९७३. ब्रिटनमधल्या खाणकामगारांनी जादा तास काम करणं थांबवलं होतं, अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव भडकले होते आणि वीजकेंद्रांमधला कोळशाचा साठा घटत चालला होता. पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या सरकारनं वीज वाचवण्यासाठी जे उपाय जाहीर केले, त्यांतले दोन थेट दिवाणखान्यात शिरणारे होते. विजेवर एकच खोली तापवावी, हे पहिलं आवाहन. दुसरा उपाय म्हणजे रात्री साडेदहाच्या सुमारास टीव्हीचं प्रक्षेपण बंद.

पहिल्या आवाहनात असंख्य घरांना नवं काहीच नव्हतं. १९७२ च्या सरकारी पाहणीनुसार तिथल्या ९३ टक्के घरांत टीव्ही होता. सेंट्रल हीटिंग मात्र फक्त ३७ टक्के घरांत. जुन्या टीव्हीच्या आठवणींनी आज ब्रिटनमध्ये जो हळवेपणा दाटून येतो, तो समजून घ्यायचा तर हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायला हवेत.

लंडनमध्ये हजारोंचा बळी घेणारं १९५२ चं धुरकं आणि त्यातून आलेला १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आपण मागच्या लेखांकात पाहिला. त्यानंतर शहरांमधून धुराचा कोळसा हळूहळू मागे हटला. फायरप्लेसमध्ये कोक किंवा बिनधुराचं इंधन आलं, कुठे गॅसचा हीटर बसला, कुठे तापून लाल होणाऱ्या विजेच्या सळया. ऊब मात्र राहिली त्या एका खोलीपुरतीच. विस्तवासमोर बसलं की नडग्या भाजायच्या आणि पाठीला गारठा लागायचा. कुणी दार उघडं टाकून गेलं की सगळे एकदम ओरडायचे. झोपायच्या खोलीत सकाळी खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फाची नक्षी उमटलेली असे. मुलं कपडे घेऊन खाली धावत आणि विस्तवापुढे उभी राहून बदलत. गरम पाण्याची पिशवी घेतल्याशिवाय अंथरुणात शिरणं म्हणजे शिक्षाच. १९६२-६३ च्या भीषण हिवाळ्यात तर कित्येक घरांतले नळही गोठले.

टीव्ही आला तो याच खोलीत. दुसरीकडे ठेवणार कुठे?

२ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचं प्रक्षेपण सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिलं, तेव्हा देशात संच होते जेमतेम २७ लाख. शेजारीपाजारी, नातेवाईक, मुलंबाळं एकेका छोट्या पडद्यासमोर दाटीवाटीनं बसली. पुढे संच घरोघरी झाले, अनेकांनी ते भाड्यानं घेतले. काही संचांना नाणं टाकायची पेटी असे आणि कार्यक्रम रंगात आलेला असताना पैसे संपून पडदा काळा पडे. घरातल्या गॅसच्या मीटरलाही असंच नाणं लागे. चॅनेल होती दोन, १९६४ पासून तीन, आणि चौथं आलं थेट १९८२ मध्ये. मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीचा १९७७ चा नाताळचा कार्यक्रम दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, तो अशाच घरांत.

तेव्हा कुटुंब एकत्र बसे, आता बसत नाही, असं त्या पिढीतली माणसं सांगतात आणि ते खरंच आहे. पण त्याचं श्रेय कार्यक्रमांना किंवा त्या काळच्या संस्कारांना देताना एक गोष्ट नजरेआड होते: बाकीचं घर राहण्याजोगं नव्हतं. ही अडचण वास्तुतज्ज्ञांना चांगली ठाऊक होती. घरांच्या दर्जाविषयी पार्कर मॉरिस समितीनं १९६१ मध्ये दिलेल्या अहवालात हीटिंगला मध्यवर्ती स्थान होतं. बैठकीची जागा सुमारे १८ अंश, स्वयंपाकघर आणि येण्याजाण्याची जागा सुमारे १३ अंश तापवता यावी, अशी शिफारस होती. खोल्या उबदार झाल्या तर मुलाला अभ्यासाला, मोठ्यांना वाचनाला किंवा छंदाला कुटुंबापासून बाजूला बसता येईल, हा त्यामागचा विचार होता. बाजूला बसता येणं हा तेव्हा हरवलेला जिव्हाळा मानला जात नव्हता, तर ती मिळवायची सोय होती!

पुढे तसंच घडलं. उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू आला, रेडिएटर वरच्या मजल्यावर पोचले, जुना संच मुलांच्या खोलीत गेला. शतक संपता संपता दहापैकी जवळपास नऊ घरांत सेंट्रल हीटिंग होतं. एकत्र बसण्याची सक्ती संपली.

थंडी सगळ्यांना सारखी नव्हती, हेही सांगायला हवं. कॅरिबियन बेटांवरून आणि भारत-पाकिस्तानातून गेलेल्या अनेक कुटुंबांच्या वाट्याला भाड्याच्या खोल्या आणि रॉकेलचे हीटर आले. खोलीत उग्र वास, भिंतींना ओल आणि हीटर कलंडला तर आगीची भीती. त्याच खोल्यांमध्ये १९६५ पासून रविवारी सकाळी बीबीसीचा ‘अपना ही घर समझिये’ हा हिंदी-उर्दू कार्यक्रम लागू लागला. टीव्हीवरून आपल्याकडची बोली ऐकायला मिळणं किती मोलाचं असेल!

महाराष्ट्रातही २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर लोक एकत्र बसून पाहत, पण कारण वेगळं होतं. इथे संच मोजके होते, म्हणून चाळीतले सगळे एकाच घरी जमत. तिकडे संच घरोघरी होता, उबदार खोली मात्र एकच.

२०२२ च्या हिवाळ्यात इंधनाचे दर कडाडले आणि ब्रिटनमधली अनेक कुटुंबं पुन्हा एका खोलीत आली. वाचनालयं आणि चर्चनी लोकांना उबेला बसण्यासाठी दारं उघडी ठेवली. तेव्हा या सक्तीच्या जवळिकीचं कौतुक कुणी केलं नाही, आणि ते योग्यच होतं. जुन्या कार्यक्रमांवर प्रेम जरूर करावं; गारठलेल्या घराला त्या प्रेमात वाटा देण्याचं कारण नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनला गेलेलं कुणी आपल्या घरात असेल, तर वाचकांनी त्यांना टीव्हीबरोबर त्या खोलीबद्दलही आवर्जून विचारावं आणि ते लिहून ठेवावं. पुढच्या लेखांकात पाहू १९६७ ते १९७७ या दहा वर्षांची मोहीम, ज्यात ब्रिटनमधल्या घराघरातल्या गॅसच्या शेगड्या आणि हीटर नव्या वायूसाठी बदलले गेले.