घरं वाढली, उंबरे किती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्याकडे जुनी माणसं गाव केवढं हे सांगताना उंबरे मोजत. 'साठ उंबऱ्यांचं गाव' म्हटलं, की साठ चुली पेटतात असं ऐकणाऱ्याला कळे. आज पुण्याहून लोकलने लोणावळ्याकडे निघालं, की कान्हे, कामशेत, मळवलीच्या आसपास भातखाचरांच्या कडेने इमारती आणि बंगले दिसतात. घरं वाढली हे उघड आहे. उंबरे किती वाढले, हे पाहायला हवं.

जनगणनेचे दोन आकडे बोलके आहेत. लोणावळ्याची लोकसंख्या २००१ साली ५५ हजार ६५० होती, २०११ साली ५७ हजार ६९८. त्याच दहा वर्षांत तळेगाव दाभाडे ४२ हजारांवरून ५६ हजारांवर गेलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तो दोन्ही गावांजवळून जातो. मग हा फरक का? कारणं अनेक असतील. पण एक ध्यानात घ्या. जनगणनेत माणूस नेहमी राहतो तिथं मोजला जातो. शनिवारी येऊन रविवारी परतणारा बंगल्याचा मालक मुंबईत मोजला जातो. तळेगावला मात्र कारखान्यांमुळे राहायलाच माणसं आली.

म्हणजे मावळात येणारे दोन प्रकारचे. एकाला हवापालटासाठी दुसरं घर हवं, दुसऱ्याला पाठ टेकायला पहिलं. पहिल्याच्या येण्याने माळी, रखवालदार, गवंडी यांना काम मिळतं, ग्रामपंचायतीला घरपट्टी मिळते. हे नाकारू नये. परंतु जमिनीचा भाव ठरतो तो त्याच्या खिशावरून. त्याच भावात गावच्या शेतकऱ्याच्या धाकट्या मुलाने आणि कंत्राटी कामगाराने घर शोधायचं!

इथं कायद्याची गुंतागुंत समजून घेऊ. १९४८ च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेताचे बारीक तुकडे पाडून विकता येत नाहीत. २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांसाठी हे किमान प्रमाण जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे ठरलं. दोन्ही कायद्यांचा हेतू शेती राखण्याचा, आणि तो चांगलाच. पण घर बांधायला उरतं काय? एक जुनं गावठाण, जे कधीच भरलं; आणि दुसरे बिगरशेती प्लॉट, जे बंगल्याच्या भावाने विकले जातात. मग गरीब माणूस साध्या करारावर गुंठाभर जागा घेतो. सातबाऱ्यावर नाव लागत नाही. नाव नाही म्हणून बांधकामाची परवानगी नाही, बँकेचं कर्ज नाही. पै पै जमवून घर उभं राहतं, पण ते कागदावर नसतं.

घरकुल योजनेचंही तसंच. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये ठरले, पण पायाखाली जागा हवी. जागेसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. तिची मदत आधी ५० हजार होती, २०२४ मध्ये एक लाख झाली. ती ५०० चौरस फुटांसाठी, म्हणजे जेमतेम अर्ध्या गुंठ्यासाठी. द्रुतगती मार्गालगतच्या गावात एवढ्या पैशांत अर्धा गुंठा कोण देईल?

वाटा बंद नाहीत. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीचा रहिवासी वापर सोपा करणारी तरतूद महसूल संहितेत झाली आहे. छोट्या तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याचं सरकारने २०२५ साली ठरवलं. मात्र वाढीव जागाही खुल्या बाजारात गेली, तर तिथं आणखी बंगलेच होतील. त्यातला काही भाग गावात राहणाऱ्यांच्या लहान घरांसाठी, आणि कामगारांना पाणी-संडासासह भाड्याच्या खोल्यांसाठी राखला पाहिजे. भाड्याची खोली हीसुद्धा परवडणाऱ्या घराचीच एक जात आहे, हे आपण विसरतो.

सुरुवात गावालाच करता येईल. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ ची जाहीर झाली आहे. तोवर थांबायचं कारण नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घरपट्टीसाठी प्रत्येक घराची नोंद असते. ग्रामसभेने त्या यादीत प्रत्येक घरापुढे एकच शब्द लिहावा: चूल की कुलूप. शेवटी बेरीज करावी. आपलं गाव किती उंबऱ्यांचं, आणि पुढची जागा कुणासाठी मागायची, हे त्या बेरजेवरून कळेल.