सर्व्हर कोसळतो तेव्हा

पर्युषण पर्व चार दिवसांवर आलेले असताना आमच्या संस्थेच्या धर्मशाळेचे खोली-आरक्षणाचे संकेतस्थळ कोसळू लागले. एरवी सुरळीत, पण गर्दी झाली की पान कोरे. विश्वस्तांच्या सभेत सारा दोष ते संकेतस्थळ विनामूल्य रचून देणाऱ्या आपल्याच समाजातील तरुणाच्या माथी आला. “मी एकटा तपासतो तेव्हा चालते,” हे त्याचे उत्तर ऐकून काहीजण हसले. त्यांत मीही होतो.

सर्व्हरची मेमरी वाढवण्याचा खर्च मंजूर होणार होता. कोषाध्यक्ष म्हणून सही करण्यापूर्वी मी एरर लॉग दाखवायला सांगितले. आधी वही पाहावी, तर्क मागाहून, ही बँकेतली जुनी सवय. त्यात एकच नोंद पुनःपुन्हा होती : ‘सेगमेंटेशन फॉल्ट (११)’. अपाचे सर्व्हरची मूळ प्रक्रिया उपप्रक्रिया निर्माण करते आणि येणाऱ्यांना सेवा त्या देतात. उपप्रक्रियेने मनाई असलेल्या मेमरीला हात घातला की संगणकप्रणाली तिला तत्काळ बंद करते. अपाचे नवी उभी करतो. म्हणूनच संकेतस्थळ मिटत होते, पुन्हा उघडत होते. मेमरी कमी पडतच नव्हती.

मात्र या नोंदीत दोषी मॉड्यूलचे नाव नसते. बाहेरून घेतलेले मॉड्यूल सर्व्हरच्या प्रक्रियेतच शिरून काम करते. परक्या एजंटाला थेट तिजोरीच्या खोलीत टेबल द्यावे तसे. त्याची चूक शाखेच्या नावावर पडते.

अशी चार मॉड्यूल्स आमच्याकडे होती. ताळेबंदातला फरक आम्ही खाती निम्मी-निम्मी करून शोधत असू. तेच येथे केले. रात्री कॉन्फिगरेशन फाइलची प्रत काढून ठेवली, दोन मॉड्यूल्सच्या ‘लोडमॉड्यूल’ ओळींपुढे हॅश चिन्ह टाकले, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि अपाचेसोबत येणाऱ्या ‘एबी’ या साधनाने एकाच वेळी ५० मागण्या पाठवल्या. सर्व्हर टिकला. मग त्या दोहोंपैकी एकेक परत लावून पाहिले. चोर सापडला : भेट देणाऱ्यांची मोजदाद करणारे मॉड्यूल. गर्दी पेलावी म्हणून सर्व्हर नुकताच अनेक थ्रेडच्या पद्धतीवर नेला होता. दोन थ्रेड एकाच वेळी आले की हे मॉड्यूल गोंधळत असे. एकट्याच्या तपासणीत ते दिसणार कसे?

मॉड्यूल काढले, पर्युषणात सर्व्हर एकदाही पडला नाही. त्याच्या खरेदीच्या बिलावर सही माझीच होती.

संवत्सरी प्रतिक्रमणानंतर मी त्या तरुणाला गाठले, हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. तो संकोचला. मग म्हणाला, “काका, ती फाइल अजून सर्व्हरवरच आहे. पुसून टाकू ना?”