स्थूलता : वारसा आणि वर्तन

‘आमचे घराणेच अंगाने भारी’, असे म्हणून आपले पुष्कळ व्यापारी बांधव स्थूलतेविषयी निश्चिंत राहतात. वारशाचा वाटा खोटा नाही. एफटीओ जनुकाचा एक प्रकार मातापिता उभयतांकडून लाभलेल्यांचे वजन, तो मुळीच नसणाऱ्यांपेक्षा सरासरी ३ किलो अधिक भरते, असे २००७ साली आढळले. परंतु शरीरश्रम करणाऱ्यांत त्याचा प्रभाव सुमारे २७ टक्के उणा पडतो, हे दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या पाहणीवरून २०११ साली दिसून आले. दिवसभर गादीवर बैठक आणि वर गोडधोड, हा दोष पूर्वजांचा नव्हे. भुकेहून दोन घास कमी घेण्याचे ऊनोदरी तप व पेठेपर्यंत पायी जाणे आपल्या स्वाधीन आहे. मुलांना जनुके आपण देतोच. त्यांच्या ताटाला वळणही आपणच लावतो.