नाटकावर घर चालतं का?



स्नेहसंमेलन झालं की दरवर्षी एखादा तरी पालक हा प्रश्न घेऊन शाळेत येतो. मुलीनं नाटुकल्यात छान काम केलेलं असतं, टाळ्या मिळालेल्या असतात, आणि घरी जाऊन तिनं "मला नाटकच करायचंय" असं सांगून टाकलेलं असतं. मग आई किंवा बाबा विचारतात, "मॅडम, यात पोट भरतं का हो?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आमचं वडपे हे भिवंडी तालुक्यातलं गाव. मुंबई-नाशिक महामार्गाला लागून, आणि आता चारही बाजूंनी गोदामं. आमच्या शाळेतले बरेच पालक गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं, पॅकिंगचं काम करतात, कोणी टेम्पो चालवतं, कोणी भिवंडीत यंत्रमागावर जातं. महिन्याला किती येणार आणि किती जाणार, हे त्यांना बोटांवर मोजावं लागतं. त्यांना "कला ही साधना आहे" असं सांगून वाटेला लावणं म्हणजे प्रश्न टाळणं झालं. म्हणून आज सरळ उत्तराच्या मागे जाऊया. नाटक करणारा माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करतो आणि त्याची चूल कशावर पेटते?

आधी एक फरक समजून घ्या. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात आपण तिकीट काढून जे नाटक बघतो, ते बहुतेक वेळा व्यावसायिक असतं. त्याला निर्माता असतो. नटाला दर प्रयोगाचे ठरलेले पैसे मिळतात, त्याला नाटकवाले 'नाइट' म्हणतात. प्रयोग जितके जास्त, तितक्या नाइट जास्त. दुसरं असतं प्रायोगिक नाटक. इथं निर्माता नसतो. चारदोन जण एकत्र येतात, नवा विषय घेतात, स्वतःच्या खिशातून खर्च करतात. लेखक, दिग्दर्शक, नट, झाडू मारणारा आणि टेम्पोवाल्याशी भाडं घासाघीस करणारा, ही सगळी कामं त्याच चारदोन जणांत वाटलेली असतात. मुलं जेव्हा "नाटक करायचंय" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पहिलं नाटक असतं. सुरुवात मात्र जवळजवळ सगळ्यांची दुसऱ्यापासून होते.

आता या दुसऱ्या नाटकवाल्याचा दिवस बघा. सकाळी तो नोकरीवर जातो. बँक, शाळा, कचेरी, क्लास, काहीही. संध्याकाळी सात ते दहा तालीम. मधल्या वेळेत फोन: हॉल मिळाला का, दिवेवाला किती घेतो, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवली का, त्यांचं प्रमाणपत्र आलं का. रात्री शेवटच्या गाडीनं घरी. घरात पलंगाखाली लाकडी तलवारी, माळ्यावर पडद्यांची बोचकी, कपाटाच्या अर्ध्या भागात नाटकाचे कपडे. घरच्यांनी जेवण झाकून ठेवलेलं. रंगमंचावरचे दोन तास म्हणजे या सगळ्याचं वरचं टोक. खालचा डोंगर कोणाला दिसत नाही, आणि खरं काम तिथंच असतं.

यातलं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच व्यवसायातलं आहे. सुलभा देशपांडे. अनेकांना त्या 'चौकट राजा' (1991) किंवा 'इंग्लिश विंग्लिश' (2012) या चित्रपटांतून आठवतील. पण त्या मुळात शिक्षिका. दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत त्या शिकवत होत्या. वर्गातल्या मुलांना करायला चांगली नाटकं मिळेनात, म्हणून त्यांनी विजय तेंडुलकरांकडे मुलांसाठी नाटकं लिहून मागितली. जरा थांबून विचार करा. संमेलन जवळ आलं की आपण जुन्या पुस्तकातलं नाटुकलं शोधतो, आणि एक शिक्षिका थेट नाटककाराकडे जाऊन "माझ्या पोरांसाठी लिहा" म्हणते. त्यांची दिग्दर्शनाची शाळा अशी वर्गातच सुरू झाली.

पुढे 1967 मध्ये 'रंगायन' संस्थेनं तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, म्हणजे सुलभाताईंच्या यजमानांचं. त्यातली लीला बेणारे सुलभाताईंनी केली आणि ती भूमिका त्यांच्या नावाला कायमची चिकटली. हे नाटक मी पालकांना मुद्दाम सांगते, कारण त्याची गोष्टच हौशी नाटकमंडळींची आहे. मुंबईची एक मंडळी एका गावातल्या हॉलमध्ये संध्याकाळच्या प्रयोगासाठी आलेली असते आणि वेळ घालवायला खोटा खटला खेळते. त्या मंडळींत कोणी वकील आहे, कोणी समाजसेवक, आणि बेणारे बाई शाळेत शिकवतात. नाटक हे त्यांच्यापैकी कोणाचंच पोट नाही. आणि त्या खेळातूनच बेणारे बाईंची शाळेतली नोकरी जाणार असल्याचं उघड होतं. बाई नाटक करते आणि पोटासाठी नोकरीवर अवलंबून असते, तेव्हा समाज तिच्या कोणत्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो, हे तेंडुलकरांनी नेमकं हेरलं होतं. मुलींच्या पालकांना ही भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

1971 मध्ये देशपांडे दांपत्यानं अरुण काकडे आणि इतर सहकाऱ्यांबरोबर 'आविष्कार' ही संस्था काढली. नाटक करायचं ठरलं, पण कुठं? मोठ्या नाट्यगृहाचं भाडं अशा संस्थेला परवडत नाही. 1974 पासून छबिलदास शाळेच्याच सभागृहात त्यांचे प्रयोग सुरू झाले. दादर स्टेशनाजवळची गल्ली, खाली प्रसिद्ध बटाटेवडा, वर शाळेचा साधा हॉल. ना फिरता रंगमंच, ना मखमली खुर्च्या. पण पुढची कितीतरी वर्षं मराठीतलं जे जे नवं नाटक होतं, त्यातलं बरंच तिथं झालं. इतर संस्थांनाही तिथं जागा मिळायची. आज त्या सगळ्याला 'छबिलदास चळवळ' म्हणतात. चळवळीला शाळेचं नाव पडलंय, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. पुढे तो हॉल सुटला आणि आविष्कारनं आपला मुक्काम माहीमच्या महापालिका शाळेत हलवला. म्हणजे पुन्हा शाळाच!

या संस्थेत अरुण काकडे यांचं काम काय होतं, हे मुलांना आवर्जून सांगा. ते तिथले 'काकडेकाका'. प्रयोग ठरवणं, पैशांची जुळवाजुळव, जागा, तारखा, नव्या पोरांना उभं करणं, ही बाजू त्यांनी अनेक दशकं सांभाळली. 1987 मध्ये अरविंद देशपांडे गेले, तरी संस्था थांबली नाही, त्याचं मोठं श्रेय या न दिसणाऱ्या कामाला आहे. काकडेकाका 2019 मध्ये गेले. वर्गात ज्या मुलाला पाठांतर जमत नाही, पण सगळ्यांचे डबे, पिशव्या, वह्या ज्याच्या बरोबर लक्षात राहतात, तो मुलगा नाटकात काकडेकाका होऊ शकतो. आपण त्याला उगाच झाडाच्या मागे उभं करतो.

सुलभाताईंनी मुलांचा धागाही सोडला नाही. आविष्कारची 'चंद्रशाला' ही मुलांची शाखा त्यांनी चालवली. तिथलं 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य मुलांच्या किती तुकड्यांनी केलं असेल! 1978 मध्ये त्यांनी 'राजा रानी को चाहिए पसीना' हा मुलांचा हिंदी चित्रपटही दिग्दर्शित केला. 2016 मध्ये त्या गेल्या. हिंदी-मराठी चित्रपटांतल्या भूमिका एका हाताला आणि प्रायोगिक नाटक दुसऱ्या हाताला, असा त्यांचा प्रवास राहिला.

दुसरं उदाहरण रत्नाकर मतकरी यांचं. त्यांची भुतांची गोष्ट आपल्यापैकी कोणी ना कोणी रात्री पांघरुणात वाचलेली असते. ते 1978 पर्यंत, म्हणजे जवळपास वीस वर्षं, बँक ऑफ इंडियात नोकरी करत होते. नोकरीच्या त्याच काळात, 1962 मध्ये, त्यांनी पत्नी प्रतिभाताईंच्या साथीनं 'बालनाट्य' ही संस्था सुरू केली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही नाटकं त्यांचीच. दिवसा खातेवह्या आणि संध्याकाळी चेटकीण! मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, नाटक हा घरातल्या एकट्याचा छंद राहिला नाही, घर त्यात उतरलं. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांनी आपल्या ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा करायला हात लावला. वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या आयुष्यावर स्वतः नाटुकली रचून सादर करू लागली. 2020 मध्ये कोरोनात मतकरी गेले. आणि हो, शिक्षकांसाठी एक जोड: त्यांचं 'घर तिघांचं हवं' हे नाटक बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या आयुष्यावरून सुचलेलं आहे. घर आणि काम यांची ओढाताण काय असते, ते त्यात बघायला मिळतं.

तिसरं नाव सुषमा देशपांडे. पत्रकारिता केलेल्या या बाईंनी 1989 मध्ये 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग स्वतः लिहून उभा केला. एक बाई, एक लुगडं, समोर बसलेली माणसं. हॉल नसला तरी चालतो, देवळाचं अंगण किंवा शाळेची पडवी पुरते. त्यामुळे हा प्रयोग गावोगाव फिरू शकला. आपल्या शाळांमध्ये 3 जानेवारीला मुली सावित्रीबाई होऊन "मी सावित्री बोलतेय" म्हणत उभ्या राहतात, त्या वाटेवर या प्रयोगाची पावलं आधी उमटलेली आहेत. खर्च कमी ठेवला की नाटक किती लांब जातं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता हिशोब. हा सातवी-आठवीच्या गणिताच्या तासाला फळ्यावर मांडा, मजा येते. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या भागातले चौकशी करून घाला. समजा 100 खुर्च्यांचा हॉल, तिकीट 100 रुपये, आणि 60 माणसं आली. जमा 6000. खर्च: हॉल 3000, दिवे 1500, टेम्पो 1500, चहा-वडापाव 600, मेकअप 400, जाहिरातीची पत्रकं 300. एकूण 7300. म्हणजे 1300 रुपये खिशातून गेले आणि नटांच्या हाती शून्य. आता मुलांना विचारा, काय बदललं तर तोटा जाईल? कोणी तिकीट वाढवायला सांगतं, मग विचारायचं, तेवढं तिकीट काढून तुझे बाबा येतील का? शेवटी कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, आपल्या शाळेत करूया ना." हॉलचे 3000 आणि टेम्पोचे 1500 वजा करा. खर्च उरला 2800, शिल्लक 3200. आठ जणांत वाटले तर माणशी 400. तालमी 30 झाल्या असतील तर एका संध्याकाळचे तेरा रुपये आणि थोडी चिल्लर. मुलं आधी हसतात, मग गप्प होतात. ज्याला हे तेरा रुपये माहीत असूनही नाटक करावंसं वाटतं, त्याच्याशी पुढचं बोलायला बसावं.

म्हणून पालकांना मी जे उत्तर देते ते असं: प्रायोगिक नाटकावर एकट्यावर घर चालत नाही, ते सोबतच्या नोकरीवर चालतं. सुलभाताईंना शाळा होती, मतकरींना बँक होती. तेव्हा शिक्षण सोडू देऊ नका, पण नाटकही सोडायला लावू नका. आज नाटकाच्या आसपास पोटापाण्याचीही कामं आहेत: मालिका, डबिंग, दिवे, आवाज, शाळांमधली नाट्यशिबिरं. त्यात कायमची शाश्वती नसते, हेही सांगून टाकते. गावातून सुरुवात करायला राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा आणि बालनाट्य स्पर्धा हा एक बरा रस्ता आहे, कारण तिथं नाट्यगृहाची सोय स्पर्धेकडून होते.

एका बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं. गोदामात काम करणारे, मोजकं बोलणारे. मला वाटलं आता पैशांचं पुन्हा विचारतील. ते म्हणाले, "पैशांचं बघू मॅडम. पण तालीम ठाण्याला, रात्री दहाला सुटणार. तिथून पोरीला आणणार कोण?" वडप्याला रेल्वे नाही. ठाण्याहून किंवा कल्याणहून एसटी, नाहीतर भिवंडीपर्यंत येऊन पुढे शेअर रिक्षा, आणि महामार्गावर कंटेनरची रांग लागली की किती वाजतील ते देवाला ठाऊक. या प्रश्नापुढे माझी सगळी उदाहरणं तोकडी पडली, कारण दादरची गल्ली स्टेशनाला लागून होती.

त्यावर आम्ही काढलेला तोडगा साधा आहे. तालीमच गावात आणली. शाळा सुटल्यावर साडेपाच ते साडेसात, आठवड्यातून तीन दिवस, आमच्या मोठ्या वर्गात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून घेतला, किल्ली कोणाकडे राहील ते लिहून ठेवलं, विजेचं बिल समितीनं मान्य केलं. प्रत्येक दिवशी एक पालक हजर राहणार, आळीपाळीनं. बाकं भिंतीला सरकवली की वीस माणसं बसतील एवढी जागा होते. ते बाबा त्यांच्या पाळीच्या दिवशी दारात पायरीवर बसतात. मागच्या आठवड्यात त्यांनी गोदामातून फेकून द्यायचे पुठ्ठ्याचे मोठे खोके आणले. आता त्यांचा किल्ला करायचा की गोदामच, यावर मुलांचं अजून एकमत झालेलं नाही.