टॅकल शॉप

टॅकल शॉप म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांना लागणारे साहित्य आणि आमिष विकणारे दुकान होय. ब्रिटनमध्ये गळमासेमारी हा जुना व लोकप्रिय छंद असल्यामुळे नद्या, कालवे, तलाव आणि समुद्रकिनारा यांच्या जवळच्या अनेक गावांत अशी दुकाने आढळतात. तेथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तू अखेरीस पाण्यात जातात आणि त्यांतील काही पाण्यातच राहतात. त्यामुळे दुकानात काय विकावे हा प्रश्न केवळ व्यापारापुरता उरलेला नाही. त्याचा संबंध जलचरांच्या आणि पाणपक्ष्यांच्या जीविताशी आहे.

संज्ञा

काठी, रीळ, दोरा, गळ, वजने इत्यादी साधनांना इंग्रजीत एकत्रितपणे 'टॅकल' म्हणतात. मराठीत माशाला अडकवणाऱ्या वाकड्या आकड्यास 'गळ' म्हणतात. कोकण किनाऱ्यावर त्यासाठी 'गरी' हा शब्द रूढ असून गळाने मासे धरण्याच्या क्रियेस 'गरवणे' असे म्हणतात. 'गळाला लागणे' आणि 'आमिष दाखवणे' हे वाक्प्रचार याच व्यवहारातून भाषेत आले आहेत.

इतिहास

आयझॅक वॉल्टन याचा 'द कम्प्लीट अँग्लर' हा ग्रंथ १६५३ साली प्रसिद्ध झाला. गळमासेमारीला छंद म्हणून प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा मानला जातो. वूस्टरशर परगण्यातील रेडिच हे गाव सुया बनवण्यासाठी प्रसिद्ध होते. सुई आणि गळ ही दोन्ही पोलादी तारेला टोक काढून घडवली जात असल्याने तेथील कारागिरांनी गळनिर्मितीही हाती घेतली. नॉर्थंबरलंडमधील ऑल्निक येथे १८७२ साली सुरू झालेली हार्डी ही कंपनी काठ्या व रिळांसाठी नावारूपाला आली. १९०५ साली आल्फ्रेड इलिंगवर्थ याने स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट घेतले. या रिळामुळे हलके आमिषही दूरवर फेकणे सोपे झाले. पूर्वी दोऱ्यासाठी घोड्याचे केस व रेशीम वापरत असत; विसाव्या शतकात त्यांची जागा नायलॉनने घेतली.

साहित्याची निवड

कोणत्या पाण्यात, कोणत्या माशासाठी आणि कोणत्या ऋतूत गळ टाकायचा आहे, या तीन गोष्टींवर साहित्याची निवड अवलंबून असते. नवख्या ग्राहकाला दुकानदार प्रथम हेच विचारतो. स्थानिक पाण्याची खोली, प्रवाह आणि त्या आठवड्यात कोणत्या आमिषाला मासे लागत आहेत याची माहिती त्याच्याकडे गोळा होत असते, कारण मासे धरून आलेली मंडळी पुढच्या खरेदीला तेथेच येतात.

गळाच्या क्रमांकाची पद्धत नवख्याला उलटी वाटते. सामान्य गळांमध्ये क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो; २० क्रमांकाचा गळ १० क्रमांकाच्या गळापेक्षा बारीक असतो. दोऱ्याची ताकद ब्रिटनमध्ये अजूनही पौंडांत सांगितली जाते. गोड्या पाण्यात धरलेले मासे पुष्कळदा जिवंतच परत सोडले जातात. त्यामुळे गळ सहज निघावा म्हणून उलटा काटा नसलेले गळ, माशाचे खवले न खरवडणारी बिनगाठीची जाळी आणि मासा ठेवण्यासाठी ओली करून वापरायची मऊ गादी यांना दुकानात महत्त्वाचे स्थान असते. अनेक तलावांचे मालक अशा साधनांची अटच घालतात.

आमिष

ब्रिटिश टॅकल शॉपचे वैशिष्ट्य म्हणजे आमिषाने भरलेला शीतकपाट. त्यात प्रामुख्याने निळ्या मांसमाशीच्या अळ्या असतात. त्या आजही पाइंटच्या मापाने विकल्या जातात. उबेत अळीचे कोषात रूपांतर लवकर होते. थंडीत ही वाढ मंदावते, म्हणून त्या गारव्यात ठेवतात. कोषही आमिष म्हणून चालतात. ताजे कोष पाण्यात बुडतात, तर जुने होत गेलेले कोष काळपट होऊन तरंगू लागतात. तळाशी चरणाऱ्या माशांसाठी तरंगणारे कोष निरुपयोगी असल्याने जाणकार ग्राहक ते पारखून घेतो.

अळ्यांना रंग देण्याची प्रथाही जुनी आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रायसोइडिन या रंगद्रव्याचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असावा, असा संशय १९८०च्या दशकात व्यक्त झाला आणि ते मागे पडले. याखेरीज गांडुळे, मका, पाव आणि कार्पसाठी अंड्यात भिजवलेल्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्या वापरतात. समुद्रातील मासेमारीसाठी वाळूत व चिखलात राहणारे समुद्री कृमी आणि कात टाकण्याच्या बेतात असलेले खेकडे विकले जातात.

शिशावरील बंदी

दोऱ्याला वजन देण्यासाठी पूर्वी चीर पाडलेल्या शिशाच्या लहान गोळ्या दाताने वा चिमट्याने दाबून बसवत. सांडलेल्या किंवा तुटलेल्या दोऱ्यासह पडलेल्या गोळ्या तळाशी साचत. हंस अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. खड्यांबरोबर या गोळ्याही त्यांच्या पोटात जात. पेषणीत शिसे झिजून रक्तात मिसळे, स्नायू लुळे पडत आणि पक्षी उपासमारीने मरत. थेम्ससह अनेक नद्यांवर मूक हंसांची संख्या घटल्यानंतर १ जानेवारी १९८७ पासून ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या गोळ्यांची विक्री व आयात बंद करण्यात आली. त्यांच्या जागी कथील, टंगस्टन इत्यादींची वजने आली. त्यानंतरच्या काळात हंसांची संख्या पुन्हा वाढली. टाकून दिलेल्या नायलॉनच्या दोऱ्यात पक्षी अडकण्याचा धोका मात्र कायम आहे.

परवाना, बंदीकाळ आणि स्वच्छता

इंग्लंडमध्ये १३ वर्षे व त्यावरील व्यक्तीला गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी परवाना लागतो. त्याशिवाय पाण्याच्या मालकाची अनुमती घ्यावी लागते. सामन व ट्राउट वगळता इतर गोड्या पाण्यातील माशांसाठी इंग्लंडमधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून हा बंदीकाळ असतो. हा काळ माशांच्या प्रजननाशी निगडित आहे. १६ जूनला हंगाम उघडतो.

ओल्या जाळ्यांतून व कपड्यांतून परके जीव एका जलाशयातून दुसऱ्यात जाऊ शकतात. २०१० साली केंब्रिजशरमधील ग्रॅफम वॉटर या जलाशयात स्थानिक जलचरांवर ताव मारणारा एक परका कवचधारी जीव आढळला. पुढील वर्षी 'तपासा, धुवा, वाळवा' ही मोहीम सुरू झाली. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याकडे जाण्यापूर्वी जाळी व बूट तपासावेत, धुवावेत आणि पूर्ण सुकवावेत, असे ती सांगते.